‘धोका टळला का?’ असं विचारण्याआधी

बाळा, आयसीसीयूच्या दाराशी उभा असलेला प्रत्येक घरचा माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘डॉक्टर, धोका टळला का?’ हृदयविभागात सिस्टर म्हणून माझी हयात गेली. हा प्रश्न मी मराठीत ऐकला, कानडीत ऐकला, नुसत्या डोळ्यांनी विचारलेलाही पाहिला. डॉक्टर म्हणतात ‘सध्या स्टेबल आहेत’, आपण हुश्श करतो आणि चहा प्यायला खाली उतरतो.

पण पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला ॲटॅक येऊन गेला की धोका एक नसतो. पुन्हा ॲटॅक येण्याचा धोका असतो. हृदय थकून पायांवर आणि फुप्फुसांत पाणी साठण्याचा असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा, चक्कर येऊन पडण्याचा, आणि ज्याचा उच्चार कुणी करत नाही तो, म्हणजे आंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागण्याचा. यातले काही यंत्रावर दिसतात. बाकीचे दिसायला घरचं माणूस लागतं, आणि या वेळी ते माणूस तू आहेस. पेशंट आजी असो, आजोबा असोत की सासरे, मी आपली इथे ‘आजी’च म्हणते.

१. ‘धोका टळला का?’च्या जागी ‘कसला धोका, किती आहे?’ असं विचार – प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम मिळतं, आणि मोघम उत्तरावर घरी तयारी तरी कसली करणार?

२. प्रश्न रात्रीच कागदावर लिहून ठेव, तीनच ठेव, आणि ते घरातल्या एकानेच विचारावेत – सात नातेवाइकांनी सात वेळा विचारलं की सात निराळी उत्तरं घरी येतात. एकाच्या कानाने ऐकावं, सगळ्यांच्या हातांनी करावं.

३. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ग्रेस स्कोअर’ आला तर घाबरू नकोस, नीट ऐक – वय, नाडी, वरचं बीपी, किडनीचं क्रिएटिनिन, ईसीजीतला बदल, हृदयाला झालेली इजा दाखवणारं ट्रोपोनिन, हृदयाच्या अशक्तपणाची लक्षणं आणि दवाखान्यात येताना हृदय बंद पडलं होतं का, अशा आठ गोष्टींची ती बेरीज असते. जिवाला किती धोका आहे, याचा अंदाज तिच्यावरून बांधतात.

या बेरजेत वयाचं वजन फार. मूळ ग्रेस तक्त्यात १४०च्या पुढे गेलं की धोका जास्त धरतात, आणि ८० ते ८९ या वयाला नुसत्या वयाचेच ९१ गुण पडतात. म्हणजे ऐंशी ओलांडलेलं माणूस दारातून आत येतं तेव्हाच निम्म्याहून बरंच पुढे गेलेलं असतं. आता शेजारशेजारच्या खाटांवर दोन आज्या असतील, दोघी ब्याऐंशीच्या, बेरीज दोघींची सारखी. एक ॲटॅकच्या आदल्या दिवसापर्यंत मंडईतून भाजी आणत होती, दुसरीला गेलं वर्षभर बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतंय. यांचं पुढचं वर्ष सारखं जाणार नाही, हे वॉर्डातल्या मावशीही सांगतील. पण मावशींना दिसतं ते बेरजेच्या कागदावर येत नाही. वय दोघींचं एक, वाट दोघींची वेगळी.

४. स्कोअर जास्त निघाला म्हणून हाय खाऊ नकोस, कमी निघाला म्हणून निर्धास्त होऊ नकोस – अशा शंभर जणांचं काय होतं ते तो आकडा सांगतो. त्या शंभरांत आपली आजी कुठे बसते, ते त्याला ठाऊक नसतं.

५. ‘किलिप’ कितवा, हेही विचार – छातीला स्टेथोस्कोप लावून आणि माणूस निरखून हृदयाची अवस्था चार पायऱ्यांत मांडायची ही पद्धत किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी १९६७ साली दिली, आणि ती आजही चालते. पहिली पायरी म्हणजे फुप्फुसं साफ, चौथी म्हणजे हृदय रक्तदाबही धरू शकत नाही.

६. एकोत हृदयाचं पंपिंग किती टक्के आलं, त्या आकड्यावर उपासतापास सुरू करू नकोस – ५५च्या आसपास किंवा वर असलं तर चांगलं, ४०च्या खाली कमी, हे खरं. पण ॲटॅकच्या धक्क्याने बधिर झालेला हृदयाचा स्नायू काही आठवड्यांत सावरूही शकतो. म्हणूनच ३५ किंवा त्याखालच्या पंपिंगसाठी शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हा निर्णयही साधारणपणे ४० दिवस थांबून घेतात.

७. मग करायचं काय, तर पुन्हा एको कधी करायचा ती तारीख डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घे – पहिल्या आकड्यावर वर्षभर रडणारी घरं मी पाहिली आहेत, आणि सुधारलेला आकडा कुणी बघितलेलाच नसतो.

८. क्रिएटिनिन ‘१.२’ दिसलं की ‘किडनी बरी आहे’ असं परस्पर ठरवू नकोस – बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसात तो आकडा फसवतो.

किडनी खरं किती काम करते, हे जरा कागद घेऊन बघ, मोबाइल ठेव बाजूला. १४०मधून वय वजा कर. उत्तराला किलोतल्या वजनाने गुण. आलेल्या आकड्याला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भाग. बाई असेल तर त्याचे ८५ टक्के घे. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे सूत्र १९७६पासून वापरात आहे. आपली आजी ८० वर्षांची, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.२. साठ गुणिले पंचेचाळीस २७००, भागिले ८६.४, म्हणजे ३१ आणि थोडं वर, त्याचे ८५ टक्के सुमारे २७. तरण्याताठ्या माणसाचा हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आजीच्या अंगावर स्नायू उरलेत थोडे, म्हणून रक्तात ते कमी दिसतं. किडनी मात्र पाव हिश्श्यानेच काम करतेय. रक्त पातळ करणारी काही इंजेक्शनं, शुगरच्या काही गोळ्या, अँजिओग्राफीचा डाय, हे सगळं या आकड्यावर बेतावं लागतं. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण खरं वजन सांगणं तुझं. खाटेवर पडलेल्या माणसाचं वजन पुष्कळदा अंदाजानेच लिहिलेलं असतं.

९. हिमोग्लोबिन विचारल्याशिवाय घरी येऊ नकोस – ते ११च्या खाली असेल तर रक्तस्रावाचा धोका बराच जास्त धरतात. पंच्याहत्तरी हा त्यातच आणखी एक गुण, मग गोळ्या कोणत्या आणि किती महिने, हे त्याप्रमाणे बेतता येतं.

१०. मूळव्याध, पोटातला अल्सर, शौचाला काळं होणं, कधीकाळी येऊन गेलेला अर्धांगाचा झटका, हे आजीला एकांतात विचारून घे – नातसुनेसमोर आणि चार डॉक्टरांसमोर ती ‘काही नाही हो’ म्हणणार, आणि प्रासुग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला देतच नाहीत.

११. ‘या वयात अँजिओग्राफी कशाला?’ असं दारातच म्हणू नकोस, आणि ‘काहीही करा पण स्टेंट टाका’ असंही म्हणू नकोस – ॲटॅक कोणत्या जातीचा आहे त्यावर ते अवलंबून असतं. ईसीजीतला ‘एसटी’ नावाचा भाग वर चढलेला मोठा ॲटॅक असेल तर रक्तवाहिनी उघडायला मिनिटं मोजतात, तिथे नुसतं वय आडवं येऊ देऊ नये.

दुसऱ्या जातीच्या, एसटी न चढलेल्या ॲटॅकमध्ये मात्र विचाराला जागा असते. ब्रिटनमध्ये ‘सीनियर-रिटा’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ साली आले. ७५ आणि पुढच्या वयाचे १,५१८ रुग्ण होते, त्यांत अशक्त, विसराळू, अनेक आजार असलेलेही होते. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि वर अँजिओग्राफी, गरज पडली तर स्टेंट. साधारण चार वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक, अशा दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर स्टेंटच्या वाटेने २५.६ टक्के आणि औषधांच्या वाटेने २६.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. पुन्हा येणारे ॲटॅक तेवढे स्टेंटच्या वाटेने कमी होते, ११.७ टक्के विरुद्ध १५. मला यातून सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की डॉक्टरांशी बोलून, आजीला विचारून घर कुठल्याही बाजूला गेलं तरी पुढे कुणी कुणाला ‘तेव्हाच केलं असतं तर’ म्हणून टोचू नये.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते. अमेरिकेत २०१३ ते २०१६ या काळात येल विद्यापीठाच्या पुढाकाराने ९४ रुग्णालयांत ‘सिल्व्हर-एएमआय’ हा अभ्यास झाला. ॲटॅकने भरती झालेल्या, ७५ आणि पुढच्या वयाच्या ३,००६ माणसांना त्यांनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर अगदी घरगुती गोष्टीही विचारल्या आणि करून दाखवायला सांगितल्या. खुर्चीतून उठून चालता येतं का? ऐकू येतं का? वजन उतरलंय का? तुम्हाला स्वतःला तब्येत कशी वाटते? पुढच्या सहा महिन्यांत कोण दगावेल याचा अंदाज बांधताना या चारही गोष्टी एकोच्या आणि रक्ताच्या आकड्यांच्या बरोबरीने कामी आल्या. यंत्र एकही नको, पैसा एकही नको. रिपोर्ट हृदयाचा असतो, उठबस माणसाची असते.

१२. खुर्चीतून उठून चालण्याची ती चाचणी शिकून घे, पण डॉक्टरांनी चालायला परवानगी दिल्याशिवाय करू नकोस, आणि करताना हाताच्या अंतरावर उभं राहा – तपासणी पडण्याची करायची, पाडायची नाही.

१३. हातांची, न सरकणारी खुर्ची घे आणि तिच्यापासून तीन मीटरवर खूण कर – घरात दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या मोज, टेप शोधत घर पालथं घालू नकोस.

१४. नेहमीची चप्पल, नेहमीची काठी, नेहमीची चाल. ‘ऊठ’ म्हणायचं, आजीने उठायचं, खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि उठण्यापासून टेकेपर्यंतचे सेकंद मोजायचे – नातवंडांनी भोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या तर आजी शर्यत लावणार, आणि तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

१५. बारा सेकंदांच्या आत झालं तर छान. बारा किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाल. पंचवीसच्या पुढे गेले किंवा उठताच आलं नाही तर त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घाल – हृदय, पाय, डोळे, तोल, रक्तदाब, कशात तरी कमी आहे, आणि त्यातलं बरंचसं सुधारता येतं.

१६. घड्याळापेक्षा आजीकडे बघ – खुर्चीच्या हातावर किती जोर देते, पहिल्या झटक्यात उठते की तिसऱ्या, वळताना छोटी छोटी पावलं टाकत जागच्या जागी फिरते का, जाताजाता फ्रिजला बोटं टेकवते का. सेकंद सारखेच आले तरी फ्रिजला टेकलेली बोटं पुढचं सांगून जातात.

१७. आकडा, तारीख आणि काठी होती की नाही, एवढं डिस्चार्जच्या फाइलीच्या मागच्या पानावर लिहून ठेव – पुढच्या भेटीत ‘हळूहळू चालते’ म्हणण्यापेक्षा ‘एकवीस सेकंद, काठीने’ म्हटलं की डॉक्टर मान वर करून बघतात.

१८. चाल मंद निघाली तर ‘आता पडून राहा’ म्हणू नकोस, फिजिओथेरपीची चिठ्ठी माग – म्हातारपणी पडून राहिलं की पायांतली ताकद भराभर उतरते, आणि गेलेली परत मिळवायला आठवडे लागतात. अंथरुणात बरं होतं ते दुखणं, अंथरुणाने जातात ते पाय.

१९. आजी नुसतंच ‘हो हो’ म्हणत असेल तर तिला आधी ऐकू येतंय का ते बघ. तोंड न दाखवता, हळू आवाजात तिच्या आवडीच्या भाजीचं नाव घे – बहिऱ्या माणसाला गोळ्यांच्या वेळा कळत नाहीत, आणि लाजेपोटी ते पुन्हा विचारत नाही.

२०. कानाचं यंत्र, चष्मा आणि कवळी पहिल्याच दिवशी दवाखान्यात पोचव – ती ‘हरवतील’ म्हणून घरी कपाटात जपून ठेवतात, आणि इकडे आजीला दिसत नाही, ऐकू येत नाही, जेवता येत नाही.

२१. रात्री आजी असंबद्ध बोलली, सलाईन ओढली, ‘मला घरी ने, गाई आल्या असतील’ म्हणाली तर तिला रागावू नकोस आणि ते लपवूही नकोस – हा भ्रम आजारातून येतो, वयाचा चाळा नव्हे. ज्यांना तो होतो त्यांना पुढेही जास्त जपावं लागतं, म्हणून तो फाइलीत लिहिला गेला पाहिजे.

२२. अशा वेळी खिडकी उघडी ठेव, वार आणि वेळ सांगत राहा, रोज एकच ओळखीचं माणूस उशाशी बसव – ओळखीचा आवाज कानावर पडला की पुष्कळ आज्या बांधल्यावाचून शांत होतात.

२३. घरी येऊन घडी बसली की तिला तीन शब्द सांग, समजा विळी, चाफा, पाट. मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांग, आणि मग ते तीन शब्द परत विचार – एकही आठवला नाही, किंवा एक-दोनच आठवून घड्याळही चुकलं, तर गोळ्यांचा डबा तिच्या हाती सोडायचा नाही आणि डॉक्टरांना सांगायचं.

२४. ब्लाउज सैल झालेत का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, ते बघ – वर्षभरात न ठरवता चार-साडेचार किलो उतरले असतील तर ती ‘हलकी झाली’ असं कौतुक करायचं नसतं, ते अशक्तपणाचं ठळक लक्षण आहे.

२५. ॲटॅक आला म्हणून तूप, दूध, डाळ, अंडं सगळं बंद करून तिला भाताची पेज आणि दुधी यांवर ठेवू नकोस – आधीच सुकलेल्या माणसाला प्रथिनं लागतात. लोणचं-पापड कमी कर, ताट रिकामं करू नकोस.

२६. ‘एकूणात तुला तुझी तब्येत कशी वाटते?’ हे तिलाच विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस – तू मधेच ‘बरी आहेस ना?’ म्हणालीस किंवा म्हणालास की ती ‘हो’ म्हणून मोकळी होते.

२७. महिनाभर हसली नाही, टीव्हीवरची मालिकाही नको म्हणते, पोथी उघडत नाही, तर ‘मन रमव’ असा उपदेश करू नकोस, डॉक्टरांना सांग – ॲटॅकनंतर खिन्नता येणं फार आढळतं. ती आली की माणूस गोळ्या घेत नाही, चालत नाही, आणि धोका आणखी वाढतो.

२८. घरात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा कोण असतं, ते खरं सांग – ‘सगळे आहोत ना’ म्हणतात, आणि त्या ‘सगळ्यां’तले दोघे ऑफिसात, एक पुण्यात आणि एक कॅनडात असतो.

त्या अमेरिकी अभ्यासात महिन्याभरात पुन्हा भरती व्हावं लागलेले शंभरात सुमारे अठरा जण होते. म्हणून पहिला महिना डोळ्यांत तेल घालून काढायचा. या महिन्याच्या सवयी बारीकसारीक आहेत, पण मोठ्या दुखण्यांची दारं त्याच बंद करतात.

२९. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच वजनकाट्यावर रोज वजन घे – तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे, पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन कर.

३०. रात्री दोनच्या तीन उशा लागायला लागल्या, किंवा संध्याकाळी पायावर बोट दाबून खड्डा राहिला, तर त्याचा अर्थही तोच – दम लागेपर्यंत वाट बघितली की अँब्युलन्स लागते.

३१. बीपी बसून घे, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घे – वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर रात्री बाथरूमला उठताना ती पडणार. गोळ्यांच्या वेळा बदलून ते टळतं, पण सांगितलं तरच.

३२. खाटेवरून उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, आणि बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा – रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलेला मार, तो दिसायला कितीही साधा असला, तरी दवाखान्यात दाखवायचाच.

३३. जुन्या गोळ्यांची पिशवी डिस्चार्जच्याच दिवशी रिकामी कर – बीपीची जुनी गोळी आणि नवी गोळी नावाने वेगळ्या, कामाने एकच, आणि आजी भक्तिभावाने दोन्ही घेते.

३४. गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नकोस, आणि गावाकडच्या वैद्याची पुडीही विचारल्याशिवाय नको – या वेदनाशामकांनी किडनीला मार बसतो, पाणी साठतं आणि पोटातून रक्त जातं, तिन्ही एकदमच.

३५. दात काढायचा असो की मोतीबिंदू, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नकोस – नवा स्टेंट गोळी चुकल्यावर अचानक बंद पडू शकतो, आणि तो ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

३६. शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर मनाने गोळी बंद न करता लगेच दाखव – गोळी घेणंही धोक्याचं आणि टाकणंही धोक्याचं, तो तोल डॉक्टरांनीच सांभाळायचा.

३७. जिभेखालची सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर छातीत दुखल्यावर ती बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ लावायचा – उभ्याने घेतली की बीपी उतरून माणूस खाली पडतं.

३८. दुसरा ॲटॅक छातीत कळ घेऊनच येईल असं धरू नकोस – म्हाताऱ्या माणसात, त्यातही शुगर असेल तर, नुसता दम, घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणं किंवा गोंधळल्यासारखं बोलणं एवढंच पुष्कळदा दिसतं. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा देण्यात पहिला तास जातो.

३९. एकादशी असो की चतुर्थी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपासाचं डॉक्टरांना आधी विचार. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची गोळी चालू ठेवायची का, हेही – कोरड्या पडलेल्या अंगात त्याच गोळ्या किडनीवर उलटतात. देवाला नेम चालतो, नेमाला माणूस लागतं.

४०. पोट साफ राहील असं बघ, कमोड नसेल तर कमोडची खुर्ची तरी आण, आतून कडी लावू देऊ नकोस – कुंथताना आणि उकिडव्यावरून उठताना चक्कर येते, आणि आतून कडी असली की दार तोडावं लागतं.

४१. फ्लूची लस दरवर्षी द्यायची का ते विचारून घे – साध्या फ्लूनेही थकलेल्या हृदयावर ताण येतो आणि ॲटॅकची शक्यता वाढते.

४२. झोपेची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नकोस – तिने रात्री तोल जातो आणि सकाळी भान.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. आजीला काय हवंय, हे सहसा कुणी विचारत नाही. आपण सगळे तिच्या आयुष्यात किती वर्षं घालता येतील याचा हिशेब करत असतो, आणि ती कदाचित एवढंच मनात धरून असते की स्वतःच्या हाताने तुळशीला पाणी घालता यावं, नातीच्या लग्नात बसता यावं, कुणाच्या हातून आंघोळ घ्यायची वेळ येऊ नये. पुन्हा दवाखाना, पुन्हा आयसीसीयू, यंत्रावर ठेवणं, यातलं तिला काय चालेल आणि काय नाही, हे ती बोलू शकते तोवर विचारायला हवं. धोका मोजायचा तो तिच्यासाठी. मग कुठल्या धोक्याचं तिला जास्त भय आहे, ते तिच्याकडूनच कळायला नको का? एका आजोबांनी मला सरळ सांगितलं होतं, ‘सिस्टर, मरणाचं नाही, पडण्याचं भ्या वाटतं.’ त्या एका वाक्यावर त्यांच्या डॉक्टरांनी बीपीच्या दोन गोळ्यांतली एक कमी केली.

४३. हे विचारायला दुपारची वेळ निवड, तिचा चहा झालेला असताना, एकटीने किंवा एकट्याने जा – चार जण गोल करून बसले की आजीला वाटतं आपल्याबद्दल काही वाईट कळलंय.

४४. ती म्हणाली ‘तुम्ही कराल ते’, तर तिथेच सोडू नकोस; दोन दिवसांनी पुन्हा विचार – आयुष्यभर दुसऱ्यांना विचारून जेवण केलेल्या बाईला स्वतःच्या आवडीचं सांगायला वेळ लागतो.

४५. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून फाइलीत ठेव आणि कॅनडातल्या काकालाही पाठव – ऐनवेळी फोनवरून ‘सगळं करा’ म्हणणारा माणूस तोच असतो, आणि त्यालाही आजीचं म्हणणं आधी कळलेलं बरं.

४६. पुढच्या भेटीला जाताना वजनाची वही, उभ्याचं-बसल्याचं बीपी, खुर्चीचे सेकंद, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एकोची तारीख एवढं घेऊन जा, आणि आजीला केबिनमध्ये तिच्या पायांनी चालू दे, व्हीलचेअरची घाई करू नकोस – दारापासून खुर्चीपर्यंतची ती चार पावलं डॉक्टरांना बघू देत.